लिओनिडास पोल्क : कापसाच्या रानातून विधानसभेत गेलेला माणूस

काळी_माती (धागाकर्ता)

आपल्याकडे शेतकरी आमदार म्हटलं की पाठोपाठ साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती अशी नावं येतातच. यातलं काहीही नव्हतं अशा काळात, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, एका कापूस उत्पादकाने शेतकऱ्यांसाठी सरकारी खातं, साप्ताहिक, कॉलेज आणि शेवटी देशव्यापी संघटना उभी करण्यात आयुष्य घातलं. लिओनिडास लाफायेत पोल्क त्याचं नाव. कापसाचा इतिहास वाचताना तो भेटला आणि डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

जन्म 24 एप्रिल 1837, अ‍ॅन्सन काउंटी. मिसरूड फुटायच्या वयात आई-वडील दोघेही गेले. वारशाने जमीन आली, आणि दक्षिणेतल्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे जमिनीबरोबर गुलाम माणसंही आली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं मोठेपण लिहिताना ते झाकलं जाऊ नये. डेव्हिडसन कॉलेजात थोडं शिक्षण, 1857 मध्ये लग्न, मग शेती. 1860 मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो राज्याच्या खालच्या सभागृहात निवडून गेला. दक्षिणेने अमेरिकेतून फुटून निघायला त्याचा विरोध होता. पण उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटल्यावर तो आपल्या राज्याबरोबर गेला. 26व्या नॉर्थ कॅरोलिना पलटणीत त्याचा कर्नल होता झेब्युलॉन व्हान्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नंतर पोल्क दुसऱ्या पलटणीत गेला, जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गला जखमी झाला आणि 1864 मध्ये सैन्यात असतानाच पुन्हा विधानसभेवर निवडून आला.

त्याची खरी गोष्ट मात्र युद्ध हरल्यानंतर सुरू होते.

1865 नंतरची दक्षिण डोळ्यांसमोर आणा. गुलामगिरी गेली, पण मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. जमीन होती त्यांच्याकडे रोकड नव्हती. बँका बुडालेल्या, खेड्यापाड्यात तर बँक म्हणून नाहीच. मग पैसा कुठून? गावातल्या दुकानदाराकडून. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतकरी दुकानात जायचा आणि मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, काकवी, खत, नांगराचा फाळ असं सगळं उधारीवर उचलायचा. दुकानात प्रत्येक वस्तूला दोन भाव, एक रोखीचा आणि एक उधारीचा. उधारीचा भाव चढा, आणि वर व्याज वेगळं. तारण म्हणून अजून पेरलंही नसलेलं पीक कायद्याने दुकानदाराच्या नावे व्हायचं. दुकानदाराची अट एकच : कापूस लाव. कापूस नासत नाही, कापसाला गिऱ्हाईक ठरलेलं. त्यामुळे शेतकऱ्याने पोटापुरता मका लावायचा म्हटला तरी उधारी बंद. शरद ऋतूत जिनिंगवर गठाण बांधली की दुकानदार वही घेऊन हजर. हिशेब फिटला तर नशीब, नाहीतर बाकी पुढच्या वर्षात ओढायची, आणि बाकी असेपर्यंत दुसऱ्या दुकानात जाता यायचं नाही.

पोल्क स्वतः या फासात सर्वांत खाली नव्हता. त्याच्याकडे जमीन होती. 1870च्या दशकात रेल्वे त्याच्या जमिनीवरून गेली, तिथे त्याने गाव वसवलं आणि त्या पोल्कटनमधून एक साप्ताहिकही काढलं. पण शेजारीपाजारी काय चाललंय ते त्याला दिसत होतं. त्याने पहिला हात घातला तो खतांच्या भेसळीला. 1877 मध्ये राज्याचं कृषी खातं स्थापन झालं आणि पहिला कमिशनर तोच. खातं चालवायला पैसा कुठून आणला? बाजारात विकल्या जाणाऱ्या खताच्या प्रत्येक ब्रँडवर वर्षाला 500 डॉलर कर! त्यातून चॅपल हिलला रासायनिक तपासणीचं केंद्र चाललं. पोत्यावर लिहिलेलं पोत्यात आहे का, हे पहिल्यांदाच कुणीतरी तपासू लागलं. ज्याने नकली खत-बियाण्याचा फटका खाल्लाय, त्याला याची किंमत सांगावी लागणार नाही.

1880 मध्ये त्याने खातं सोडलं. 10 फेब्रुवारी 1886 ला विन्स्टन गावातून ‘प्रोग्रेसिव्ह फार्मर’ हे साप्ताहिक सुरू केलं. पेरणीच्या, जनावरांच्या, खताच्या माहितीबरोबर गावोगाव शेतकरी क्लब काढा, असा त्याचा धोशा असे. आणि कॉलेज. संघराज्याच्या 1862च्या कायद्याने शेती-यांत्रिकी शिक्षणासाठी दिलेल्या जमिनीच्या पैशाचं व्याज, वर्षाला 7,500 डॉलर, चॅपल हिलच्या विद्यापीठाला जात होतं. शेतकऱ्याच्या पोराच्या पदरात त्यातलं काय पडतं, हे पोल्कने पेपरातून लावून धरलं. तरुण मंडळींचा एक क्लब वेगळ्या बाजूने हीच मागणी करत होता. जानेवारी 1887 मध्ये रॅलेला शेतकऱ्यांचा मोठा मेळावा झाला, आणि मार्चमध्ये विधानसभेने स्वतंत्र कॉलेजचा कायदा करून तो पैसा तिकडे वळवला. 1889 मध्ये कॉलेज उघडलं. आजचं नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी ते हेच.

त्याच्या 1887 मधल्या एका अग्रलेखाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रेल्वे कधी नव्हे इतकी जोरात, बँका जोरात, कारखाने जोरात, शहरं वाढतायत, आणि शेती तेवढी खंगत चाललीये. म्हणजे दोष शेतकऱ्याच्या आळसात नसून व्यवस्थेत कुठेतरी आहे. तोवर शेतकऱ्याला उपदेश एकच मिळत होता, की कष्ट वाढव, काटकसर कर.

डिसेंबर 1889 मध्ये तो राष्ट्रीय शेतकरी अलायन्सचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या देशव्यापी संघटनेचा, अध्यक्ष झाला. पुढचं प्रतिसादांतून बोलूच.

वऱ्हाडी_बोंड

उत्तम धागा. यातला आपला दुवा थेट आहे, तो जोडतो. 1861 ला अमेरिकेत युद्ध सुरू झालं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळे मुंबईकडे धावले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत शेअरचा उन्माद झाला. सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागला, कारण कापूस म्हणजे सोनं. 1865 ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. कर्ज तसंच राहिलं. 12 मे 1875 ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, तो भडका पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, आणि 1879 चा दख्खन कृषक कायदा आला. दख्खनच्या दंग्यामागे सारावाढ, कोर्टाचे हुकूमनामे अशी बाकीची कारणंही होतीच.

म्हणजे ज्या दशकात पोल्कचे शेजारी दुकानदाराच्या वहीत अडकत होते, त्याच दशकात आपले लोक सावकाराच्या वहीत. दोघांचा कापूस जायचा लिव्हरपूलला. कॅरोलिनावाल्याला इंडियाचं नाव सांगून भाव पाडायचा आणि यवतमाळवाल्याला अमेरिकेचं.

काळी_माती

वऱ्हाडीदादा, नेमकं. आणखी एक दुवा तागाचा. कापसाच्या गठाणीला वरून गुंडाळायला ताग लागायचा, आणि कच्चा ताग यायचा बंगालमधून. 1888 मध्ये अमेरिकेतल्या तागाचं कापड विणणाऱ्यांनी संगनमत करून दर जवळजवळ दुप्पट केले. गठाण तर बांधायचीच असते, त्यामुळे शेतकरी कोंडीत. अलायन्सने ठरवलं, ताग घ्यायचाच नाही, सुती कापडात गठाणी बांधायच्या. 1889 च्या हंगामात अनेक ठिकाणी तसं केलं आणि ते संगनमत मोडलं. वर्षानुवर्षं एकेकटा दुकानात जाणारा माणूस एकजुटीने काय करू शकतो, हे त्या हंगामात लोकांनी पाहिलं.

मीनल_का

लेख आवडला. अलायन्सची ‘सबट्रेझरी’ योजना नावाने माहीत होती, पण ती नेमकी काय होती? पोल्कचीच का?

काळी_माती

मीनलताई, आराखडा चार्ल्स मॅक्यून या टेक्सासच्या नेत्याचा. पण अध्यक्ष म्हणून ती देशभर नेली पोल्कने, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्याचा गाभा तीच आहे.

शेतकऱ्याला मार बसतो तो विकायच्या वेळी. सगळ्यांचा कापूस सप्टेंबर ते डिसेंबरात एकदम बाजारात येतो. सगळ्यांना देणी भागवायची असतात, त्यामुळे कुणीच थांबू शकत नाही. त्यात तेव्हा चलनही आखडतं होतं. सुगीला सगळ्या देशाला एकदम रोकड लागायची आणि नोटा तर वाढत नव्हत्या. माल जास्त, पैसा कमी, भाव तळाला. व्यापारी घेऊन ठेवायचा आणि उन्हाळ्यात चढ्या भावाने काढायचा.

योजना अशी होती : ज्या काउंटीत वर्षाला पाच लाख डॉलरहून जास्त शेतमाल विकला जातो, तिथे सरकारने कोठार बांधायचं. कापूस, गहू, मका, तंबाखू, लोकर असा टिकणारा माल तिथे ठेवायचा. सरकारने बाजारभावाच्या 80 टक्के रक्कम नव्या नोटांमध्ये, वर्षाला 1 टक्का व्याजाने उचल म्हणून द्यायची. साठवण आणि विम्याचा खर्च शेतकऱ्याचा. बारा महिन्यांच्या आत कधीही विका आणि कर्ज फेडा. एका दगडात दोन पक्षी, म्हणजे सुगीला बाजारात पैसा वाढणार आणि शेतकऱ्याला थांबता येणार.

1890 मध्ये हे विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहात, मांडलं कोणी? झेब्युलॉन व्हान्सने! पोल्कचा जुना कर्नल, आता सिनेटर. त्याने मांडलं, पण पाठिंबा दिला नाही. घटनेत बसत नाही असं त्याचं म्हणणं. पोल्कला हे जिव्हारी लागलं. दोघांमध्ये उघड बेबनाव झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अलायन्सवाल्यांनी नॉर्थ कॅरोलिनाची विधानसभा जिंकली. 1891 च्या त्या विधानसभेला लोक ‘शेतकरी विधानसभा’च म्हणत. तिने व्हान्सला सिनेटवर परत पाठवलं, पण अलायन्सच्या मागण्या लावून धर, अशी सूचना देऊन. त्याच अधिवेशनात रेल्वे नियंत्रण आयोग झाला, ग्रीन्सबरोला मुलींसाठी आणि काळ्या विद्यार्थ्यांसाठी दोन स्वतंत्र कॉलेजं मंजूर झाली. दोन्ही आज विद्यापीठं आहेत.

सोयाबीन_वाशीम

काळी_माती भाऊ, ही तर आमची शेतमाल तारण योजना झाली! आपल्या पणन मंडळाची, 1990-91 पासून आहे. मी स्वतः सोयाबीन ठेवलंय, म्हणून सांगतो कसं चालतं ते. माल वाळवून, चाळणी मारून न्यायचा. गोदामावर आधी ओलावा बघतात. 12 टक्क्यांच्या वर असला तर परत फिरवतात, कारण थप्पीत बुरशी धरते. मग वजन, गोण्यांची थप्पी, थप्पीला नावाची चिठ्ठी. पावती मिळते, त्या दिवसाच्या भावाच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल, 6 टक्के व्याज, मुदत सहा महिने. दिवाळीच्या तोंडावर रब्बीचं बियाणं, पोरांच्या फिया, सगळं त्यातून निघतं आणि माल आपलाच राहतो. मोंढ्यात चार गाड्यांच्या मागे उभं राहून मिळेल त्या भावात ओतायची पाळी येत नाही.

अडचण एकच, जागा. आमच्याकडच्या गोदामात हंगामाला अर्धी जागा व्यापाऱ्यांच्या मालाने आधीच भरलेली असते. आणि दोन-चार एकरवाला वीस पोती घेऊन भाड्याच्या गाडीने एवढ्या लांब जातच नाही. तो गावातच देऊन मोकळा होतो. पोल्कच्या योजनेत छोट्या माणसाचं काय होतं?

काळी_माती

दादा, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तिकडेही तेच. बटईने करणाऱ्याचं पीक आधीच मालकाच्या किंवा दुकानदाराच्या नावावर. कोठारात ठेवायला त्याच्या हातात माल यायचाच नाही. पावती ज्याची, फायदा त्याचा. योजना मुळात स्वतःच्या मालकीचं पीक असलेल्यांची होती. ती अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, मंजूर झालीच नाही. पण 1916 चा अमेरिकेचा गोदाम कायदा आणि 1933 ची सरकारी शेतमाल कर्जव्यवस्था यांत तीच कल्पना दिसते. आपल्याकडचा 2007 चा गोदाम पावतीचा कायदाही त्याच वाटेवरचा.

निळी_पहाट

मी थोडी वेगळी बाजू मांडते. अलायन्समध्ये काळ्या शेतकऱ्यांना प्रवेश नव्हता, त्यांची वेगळी अलायन्स होती. 1891 च्या सप्टेंबरात त्या संघटनेच्या नावाने कापूस वेचणाऱ्यांचा संप पुकारला गेला. मागणी काय, तर शंभर पौंड वेचणीला एक डॉलर. पोल्क आणि त्याच्या पेपरची भूमिका होती की 50 सेंटच्या वर देण्यापेक्षा कापूस रानात राहिलेला बरा. अरकॅन्सामध्ये त्या संपात पंधराच्या आसपास माणसं मारली गेली. ज्याला दुकानदाराचा जाच कळत होता, त्याला वेचणाऱ्या बाईची मजुरी कळली नाही?

आणि आठवण करून देते, 1873 मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. इथे पुण्यात बसून त्यांना शूद्र शेतकरी आणि तिकडचा गुलाम यांच्यातलं नातं दिसलं. पोल्कला स्वतःच्या बांधावर दिसलं नाही.

काळी_माती

ताई, तुमचा एक शब्दही खोडून काढायचा नाही. त्या संपाबाबत पोल्क चुकला, आणि ती चूक लहान नव्हती. ‘शेतकरी’ म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर जमीनवाला गोरा शेतकरी होता. वेचणी करणारा, बटईदार, काळा मजूर हा त्याच्या लेखी खर्चाच्या बाजूला. हीच गोष्ट आपल्याकडच्या आंदोलनांत शेतमजुराच्या बाबतीत झालेली आहे. भावाच्या घोषणेत मजुरीचा आकडा बसवताना सगळ्यांचीच जीभ अडखळते.

तरी मी त्याच्यावर लिहितोय, कारण त्याच्यानंतर टिकलेल्या गोष्टी त्याने केल्या. खताची तपासणी काळ्या शेतकऱ्याच्या पोत्यालाही लागू होती. एखाद्या माणसाचं काम मोलाचं मानायला तो निर्दोष असावा लागत नाही, पण दोष बोलावा लागतो. तो तुम्ही बोललात, बरं झालं.

जुना_बिल्ला

मी लाल बिल्ला लावून शेतकरी संघटनेत फिरलोय, त्यामुळे हे वाचताना शरद जोशींची आठवण येणं साहजिक. साम्य वाटतं ते निदानात. कष्ट करूनही शेतकरी गरीब का, याचं उत्तर शेताच्या बाहेर शोधायचं, हे दोघांनीही केलं. फरक मोठा आहे. पोल्कला सरकार हवं होतं, कोठारं बांधणारं, नोटा देणारं, रेल्वेला वेसण घालणारं. जोशींना सरकार बाजूला हवं होतं. आम्ही तर 1972 पासूनची कापूस एकाधिकार खरेदी पाहिलेली माणसं. चुकाऱ्यासाठी किती वाट पाहिली ते आम्हालाच ठाऊक. सरकारी कोठाराच्या नावाने मला अजूनही धडकी भरते.

दुसरं, संघटना राजकारणात उतरली की काय होतं हा आमचा जुना वादाचा विषय. पोल्कचं काय झालं?

काळी_माती

बिल्लादादा, तुमचा अनुभव मोलाचा आहे. एकाधिकार खरेदी आणि ही योजना यांत एक भेद मात्र मला दिसतो. पोल्कच्या कोठारात सरकार माल विकत घेणार नव्हतं. मालक शेतकरीच, विकायचा दिवस तोच ठरवणार, सरकार फक्त तारण धरणार. तुमच्या संघटनेलाही यातलं बरंचसं पटलं असतं असं वाटतं.

राजकारणाचं सांगतो. युद्धानंतर पोल्क बराच काळ डेमोक्रॅट. दक्षिणेत तो पक्ष सोडणं म्हणजे गोऱ्यांच्या समाजातून उठणं. चर्च, नातेवाईक, दुकान सगळं तुटायचं. पण 1890 मध्ये तो कॅन्ससला गेला, तेव्हा तिथल्या मैदानांवर हजारो लोक लोटले. समोर बसलेले कित्येक जण उत्तरेकडून लढलेले, बोलणारा दक्षिणेकडून लढलेला. त्याच्या बोलण्याचा सूर असा की पुढारी आपल्याला जुन्या युद्धाच्या नावाने झुंजवत ठेवतात, आणि गहाणखत तुमच्याही शेतावर आहे नि आमच्याही. लढाई संपून पंचवीस वर्षं झाली होती. ज्या दोन बाजूंनी एकमेकांची पोरं मारली, त्यांनी एका मंडपात बसून व्याजदराबद्दल बोलायचं, हे तेव्हा अजिबात सोपं नव्हतं. त्याच्या राजकारणातलं सगळ्यात धाडसी काम मला हेच वाटतं.

फेब्रुवारी 1892 मध्ये सेंट लुईसच्या परिषदेचा तो अध्यक्ष होता. तिथून पीपल्स पार्टी, म्हणजे तिसरा पक्ष, राष्ट्रीय निवडणुकीत उतरायचं नक्की झालं. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचंच नाव पुढे होतं. उमेदवार ठरवायचं ओमाहाचं अधिवेशन जुलैच्या सुरुवातीला भरायचं होतं. 11 जूनला वॉशिंग्टनमध्ये तो रक्तस्रावाने गेला. वय 55. उमेदवारी आयोवाच्या जेम्स वीव्हरला मिळाली. वीव्हर उत्तरेच्या सैन्यातला अधिकारी होता, त्यामुळे दक्षिणेत त्याच्या सभा उधळल्या गेल्या. तरी त्याला दहा लाखांवर मतं पडली.

मीनल_का

पोल्क असता तर दक्षिणेत चित्र बदललं असतं का?

काळी_माती

दक्षिणेत मतं वाढली असती, एवढं नक्की वाटतं. त्याच्या राज्यात पुढे काय झालं ते बघा. 1894 मध्ये तिथल्या पीपल्स पार्टीने रिपब्लिकनांशी, म्हणजे काळ्या मतदारांच्या पक्षाशी, हातमिळवणी केली आणि विधानसभा जिंकली. त्या विधानसभेने व्याजावर 6 टक्क्यांची मर्यादा घातली आणि स्थानिक कारभार पुन्हा लोकांच्या मतावर आणला. वेचणीच्या संपाच्या वेळी जे पोल्कला जमलं नाही, ते मतपेटीपुरतं का होईना, त्याच्या मागच्या माणसांनी करून पाहिलं.

निळी_पहाट

आणि म्हणूनच 1898 घडलं. वंशद्वेषाचा प्रचार करून डेमोक्रॅटांनी ती निवडणूक खेचली. 10 नोव्हेंबरला विल्मिंग्टनमध्ये सशस्त्र जमावाने काळ्यांचं वर्तमानपत्र जाळलं, माणसं मारली आणि निवडून आलेलं नगर प्रशासन बंदुकीच्या धाकाने हाकललं. 1900 मध्ये साक्षरतेची परीक्षा आणि मतदानाचा कर राज्यघटनेत घातला. काळे मतदार याद्यांतून गेले, आणि त्या करापायी पोल्कच्या सभांना येणारे कितीतरी गरीब गोरे शेतकरीही गेले.

सोयाबीन_वाशीम

निळीताई, हे माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो. व्याजाला मर्यादा आणणाऱ्यांचं मतच काढून घेतलं म्हणजे.

काळी_माती भाऊ, त्या खत करावर सवडीने वेगळा धागा काढा. 500 डॉलर ब्रँडमागे घेऊन तपासणी कशी करायचे, नमुना कुठून उचलायचे, दुकानातून की कारखान्यातून, हे सविस्तर लिहा. खरिपाच्या आधी काढलात तर आमच्या गटातल्या सगळ्यांना वाचायला देतो.